रक्तदाबाची हजेरी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आरोग्यावर बोलायला सांगितलं आणि वेळ दिली नेमकी जेवणाच्या आधीची. म्हणजे पापड-लोणच्याला नावं ठेवायची आणि मग त्याच रांगेत ताट घेऊन उभं राहायचं!

आरोग्य हा विषय फार मोठा आहे. मी एकाच गोष्टीवर बोलतो, रक्तदाब. १९८३ साली दहावीला बसलेले आपण सगळे आता ५८-५९ वर्षांचे झालो. या वयात आपल्यातल्या बऱ्याच जणांचा रक्तदाब वाढलेला असणार, आणि त्यांतल्या काहींना ते ठाऊकही नसणार. डोकं दुखलं की आपण म्हणतो, बीपी वाढलं असेल. पण १७० बीपी असलेली माणसं मजेत शेतावर जातात, दुकान चालवतात. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो कळायचा खात्रीचा मार्ग एकच, मोजणं.

मोजायचीही शिस्त आहे. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन यावं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. आपल्या वर्गाला हेच अवघड! हात टेबलावर, छातीच्या उंचीवर. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावं. घरी यंत्र घेणार असाल तर मनगटाचं न घेता दंडाचं घ्या.

दवाखान्यात वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यांपैकी एकही वेगवेगळ्या दिवशी तितका किंवा जास्त आला, तर रक्तदाब वाढलेला आहे असं आम्ही धरतो. घरी मोजताना हीच सीमा १३५ आणि ८५. एकदाच जास्त आला म्हणून घाबरू नका. पण एकदा नॉर्मल आला म्हणून वर्षानुवर्षं निर्धास्तही राहू नका. १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं किंवा नजर अंधुक होणं असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. तिशीपुढच्या सगळ्यांची ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. आपण गणित करू. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. लोणच्याचा महिना सोडून द्या आणि घरी गेल्यावर बघा, तुमची किती दिवस पुरते. शिवाय फरसाण, वेफर्स, बाहेरची भजी यांतलं मीठ या हिशेबात आलेलंच नाही. सैंधव खाल्लं तर चालतं, हा गैरसमज आहे. तेही मुख्यतः तेच मीठ. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतंच. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि बीपीची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मैत्रिणींना एक मुद्दाम सांगतो. बाळंतपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांना पुढे हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. ते तेव्हाच संपलं असं समजू नका. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही बीपी वाढू शकतं.

गोळ्यांबद्दल लोक म्हणतात, 'एकदा सुरू केली की सवय लागते.' चष्म्याने नीट दिसायला लागलं म्हणून आपण चष्मा फेकून देत नाही. गोळीने बीपी नॉर्मल आलं, याचा अर्थ गोळी काम करते आहे. पायांना सूज, कोरडा खोकला असा त्रास झाला तर गोळी बदलता येते. ती आपल्या मनाने बंद करू नये.

सकाळी आपण ज्यांना श्रद्धांजली वाहिली, त्यांतल्या एका मित्राबद्दल वहिनींच्या संमतीने सांगतो. त्याने दोन वर्षं गोळी घेतली, बरं वाटतंय म्हणून सोडली. आठ महिन्यांनी एका सकाळी डावा हात जड झाला. रात्री अंगाखाली आला असेल म्हणून घरच्यांनी तेल चोळलं. दुपारी बोलणं अडखळलं. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. वहिनी म्हणाल्या, 'निदान बाकीच्यांना तरी कळू दे.'

म्हणून हे पाठ करा. तोंड एका बाजूला वाकडं, वर उचललेला एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं: यांतलं एकही अचानक दिसलं, तर तो पक्षाघात समजा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. तोंडाने पाणी, गोळी काही देऊ नका. १०८ ला फोन करा. आपल्या गावाजवळ सीटी स्कॅनची सोय कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा. त्या दिवशी शोधत बसायला वेळ नसतो.

सर, बाई, तुम्हाला सांगण्याचा अधिकार माझा नाही, पण विनंती करतो. अंथरुणातून उठताना आधी कडेला दोन मिनिटं बसा, मग उभे राहा. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळीचं प्रमाण कमी करावं लागू शकतं.

बाकी तुम्ही जाणताच: आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, तंबाखू बंद, दारूला आवर, वजन ताब्यात.

मागे खिडकीजवळ मी यंत्र ठेवलं आहे. गप्पा आणि चहा झालेले आहेत, त्यामुळे इथला आकडा अंतिम नव्हे. जास्त आला तर आठवडाभरात गावी शांतपणे पुन्हा मोजा. पण आज निघण्यापूर्वी प्रत्येकाने हजेरी लावायची आहे. दांडी मारणाऱ्यांची नावं मी पी.टी.च्या सरांकडे देणार आहे, आणि सर समोरच बसलेत.