शाळेतील आरोग्याचा धडा

इगतपुरीच्या पावसाळ्यात चिखल कोठे नसतो? जेथे उघड्यावर शौच होते, तेथील ओल्या मातीतून अंकुशकृमी नामक जंतांच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीवाटे शरीरात शिरतात व आतड्यास चिकटून रक्त शोषितात. मूल फिकट पडते, वर्गात पेंगते. आणि आम्ही वडीलधारे त्यास आळशी म्हणून मोकळे होतो! हा अन्याय आमच्या हातूनही घडला आहे.

सन २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती पोटातील जंत मारिते. मातीतील अळ्या तशाच राहतात. म्हणून पायताण व शौचकूप कशासाठी, जेवणापूर्वी साबण कशासाठी, हे त्याच दिवशी मुलांस समजावून द्यावे. कारण उमगलेले मूल घरी आजीसही चपला घालावयास लाविते. मात्र शाळेच्या नळापाशी साबण हवा. तेवढा तरी आपण पुरवू या.