पेशीविभाजनातील सूत्रधार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात फणसवाडी येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाने विज्ञानावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आपणा सर्वांच्या देहात अहोरात्र चाललेला, परंतु डोळ्यांना न दिसणारा व्यवहार आम्ही निवडला. तो म्हणजे पेशीचे विभाजन.

एका पेशीच्या दोन होताना तिच्यातील ४६ गुणसूत्रांची आधी प्रत तयार होते आणि मग दोन्ही घरी समसमान वाटणी होते. ही वाटणी करणारे दोर म्हणजे सूक्ष्मनलिका. त्यांची जाडी मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाइतकी. ट्युब्युलिन नामक प्रथिनाचे कण जोडले जाऊन त्या बनतात.

परंतु बांबू आवारात आणून टाकले म्हणून मांडव उभा राहत नाही. पहिला खांब कोठे रोवावयाचा, हे ठरविणारा जाणता लागतो. पेशीतील असा जाणता, गॅमा ट्युब्युलिन, १९८९ साली सापडला. त्याचे कण अन्य प्रथिनांसह कड्यासारखी बैठक रचतात व तिच्यावर नवी नलिका उभी राहते. जुन्या नलिकेच्या अंगावरही नव्या नलिका फांदीप्रमाणे फुटतात, हे २०१३ साली बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात दिसून आले. गुणसूत्रांच्या सान्निध्यात रॅन हे प्रथिन टीपीएक्स-२ या दुसऱ्या प्रथिनास बंधमुक्त करते. पावसाळ्यात गॅलरीतील दोरीवर पाणी प्रथम लेपासारखे पसरते आणि मग त्याचे थेंब होतात. टीपीएक्स-२ चेही नलिकेवर तसेच थेंब होतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. हे थेंब व ऑगमिन नामक प्रथिन यांच्या साह्याने ती बैठक तेथे येते आणि फांदी फुटते.

याचा आपल्या संसाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. कर्करोगात पेशींचे विभाजन अनिर्बंध चालते. आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन हे औषध ट्युब्युलिनचे कण जुळू देत नाही. दोर नाहीत, म्हणून वाटणी नाही. अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळालेले हे औषध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते. येथून जवळच परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. तेथेच १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले आणि डॉ. कमल रणदिवे यांनी पेशींच्या अभ्यासात आयुष्य वेचले.

मात्र हे ऐकून कोणी सदाफुलीची पाने चावू नयेत. मज्जातंतूंतही याच नलिका असतात. म्हणून अधिक मात्रेने हातपाय बधिर होतात. प्रौढासही एका वेळी सामान्यतः दोन मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत, तेही शिरेतून. पानातील द्रव्याचे असे मोजमाप घरी कोण करणार?

शेवटी एक विनंती. मुलीचे लग्न अडेल या भयाने आपल्यातील कित्येक घरी हा रोग झाकून ठेवतात आणि उपचाराचा काळ निघून जातो. हा रोग स्पर्शाने लागत नाही. तो कोणाच्या पापाचे फळही नव्हे. पेशीच्या व्यवहारातील तो बिघाड आहे आणि वेळीच दाखविल्यास पुष्कळदा आवरता येतो. रोग लपविणे म्हणजे कुळाची अब्रू राखणे नव्हे. माणूस राखला तरच कुळ राहते.