राखणीचा कुत्रा का झडतो?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचा विषय सोडून हा जनावरांचा डॉक्टर कुत्र्याचं काय घेऊन बसला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ज्वारी हुरड्यात आली की जागलीला तुमच्याबरोबर कोण असतं? त्याची भाकरी कुठल्याही उत्पादन खर्चात धरली जात नाही. तो खंगला की धुऱ्याकडचं पीक मात्र रानडुकरांच्या पोटात जातं.

चार दिवसांची हगवण वेगळी. तीन आठवड्यांच्या वर पातळ हगणं, ओकाऱ्या, खाऊनही फासळ्या दिसणं, हा आतड्याचा जुनाट आजार. नजर लागली म्हणून सोडून देऊ नका.

वखराची पास ओलीत पडून राहिली की गंजते. हवेतला प्राणवायूच लोखंड खातो. शरीरातही तसंच घडतं. आतडं सुजलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला प्राणवायूचे जहाल कण सोडतात. सूज महिनोन् महिने राहिली, तर तेच कण आतड्याचं अस्तर जाळतात. अस्तर गेलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, सूज आणखी वाढते. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पासेला आपण तेलाचा हात देतो. शरीराकडे ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन असा बंदोबस्त असतो. आजारी कुत्र्यात तो कमी पडतो. म्हणून कुणी ताकदीची बाटली गळ्यात मारू लागला, तर घेऊ नका. गंज पुसून भागत नाही, पाणी कुठून गळतं ते पाहावं लागतं.

ते बहुतेक वेळा जंतांतून किंवा खाण्यातून गळतं. आधी विष्ठा तपासून घ्या. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात, हिरड्या पांढऱ्या पडतात. फेनबेंडाझोल वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलग ३ दिवस. तीन आठवड्यांनी पुन्हा. तरी हगवण थांबली नाही तर खाणं बदला. जुनाट आजाराच्या निम्म्याहून अधिक कुत्र्यांना एवढ्यानंच उतार पडतो. दोन-तीन आठवडे दूध, ताक, उष्टं-खरकटं बंद. भात आणि उकडलेलं अंडं, दुसरं काही नाही. जागलीचा कुत्रा बांधून कसा ठेवायचा, हे मलाही कळतं. पण उकिरड्यात तोंड घातलं की पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायचं. त्यानंही फरक नाही, तर बी-१२ ची इंजेक्शनं, स्टेरॉइड. ते डॉक्टरच्याच हातून.

आता कांदा. झुणक्यातला उरला की आपण त्याच्यापुढे टाकतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी याच गंजण्यानं फोडतात, शिजवला तरी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्या घरच्या गोळ्याही त्याला देऊ नका. पहिली रक्त नासवते, बाकीच्या दोन पोटात जखमा करतात.

आणि मायबहिणींनो, अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. वाकड्यातिकड्या लाल रेघा उठतात, खाज सुटते. अंगणातली कुत्र्याची घाण रोज उचलून पुरा. पोरं तिथंच खेळतात.