दुसरी वाट असेल तर



परिषदेचा स्वागताध्यक्ष म्हणून सहसा एखादा कारखानदार किंवा आमदार धरतात, कारण मंडपाचा आणि जेवणावळीचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. या वेळी स्वागत समितीने एका निवृत्त मुख्याध्यापिकेला उभे केले आहे. खर्च वर्गणीतून भागला. जेवणाला पिठलं, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आहे, ती गोड मानून घ्या.

प्रथेप्रमाणे अंबाजोगाई गावाचे थोडे कौतुक करते. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी इथली. दासोपंत इथलेच. चाळीस फुटांच्या पासोडीवर त्यांनी लिहिले, कारण कागद त्यांना पुरत नसावा. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्याआधी स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते आणि आज इथले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आणि योगेश्वरी तर गावाची आईच. तिची एक कथा आमच्याकडे सांगतात. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले होते, वऱ्हाड कोकणातून निघाले, पण वाटेत मुहूर्त टळला. देवी परत गेली नाही. कुमारिका म्हणून इथेच राहिली आणि गावाने तिचे मंदिर बांधले. मी शाळेत ही कथा सांगायचे तेव्हा मुली गालात हसायच्या. लग्न न झालेली देवी गावाला चालते आणि सोळा वर्षांची बिनलग्नाची मुलगी चालत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलेले असायचे.

आपल्या परिषदेचा विषय आहे शिक्षण, उपचार आणि घरसंसार यांतला ज्याचा त्याचा निर्णय. या विषयावर पुण्या-मुंबईत पुष्कळ बोलले जाते, आणि चांगले बोलले जाते. तो बीड जिल्ह्यात आणायचे कारण एवढेच की इथे त्याची परीक्षा होते. दसरा झाला की केज, धारूर, वडवणी, पाटोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती त्या कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात. बाईने मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि हिशेबाच्या वहीत तिचे वेगळे नाव नसते. एक दिवस आजारी पडली की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीवर चढतो. उसाच्या फडाजवळ राहायला कोपी असते, संडास नसतो, पाळीच्या दिवसांत पाण्याचीही ओढाताण.

या परिस्थितीत बायका ‘पिशवी काढून’ येतात. 2019 मध्ये या प्रकरणाची बोंब झाली, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शंभरात जवळपास सतरा. देशभराचे प्रमाण त्या काळच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीन टक्क्यांच्या आसपास होते. यातल्या बहुतेक जणींच्या फाइलीत संमतिपत्र असणार, हे मी पैजेवर सांगते.

कारण ते कसे भरले जाते ते मी पाहिले आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीबरोबर मी एका खासगी दवाखान्यात गेले होते. वय तिशीच्या आतले, दोन मुले, महिनोन्‌महिने अंगावरून जात होते. डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर पुढे कॅन्सरची भीती. काउंटरवर छापील इंग्रजी कागद पुढे आला. सिस्टरने दोन ठिकाणी पेनाने फुली मारली. पहिली सही नवऱ्याची झाली, ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात ‘पती’ लिहून. मग तिच्यापुढे शाईचे पॅड सरकवले. ती म्हणाली, “सही येते मला. आठवीपर्यंत शिकलेय.” आणि पेन घेऊन तिने नाव, वडिलांचे नाही तर नवऱ्याचे नाव, आडनाव असे सगळे ठसठशीत लिहिले. मला त्या क्षणी अभिमान वाटला, हेही सांगते.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले आहे की तातडीचा धोका नसताना सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढता येत नाही. तिची स्वतःचीच संमती हवी, आणि तीही आजार, उपचार, धोके आणि दुसरे पर्याय समजावून. कायदा उत्तम आहे. आता आमच्या मुलीला दुसरे पर्याय कोणते होते ते बघा. सोनोग्राफी करून, औषधे घेऊन, महिनाभराने पुन्हा दाखवायला यायचे? महिनाभराने ती कोल्हापूरकडच्या फडात असणार होती. उचल घेतलेली होती, त्यातून घराचे पत्रे आले होते. एकही खाडा परवडणार नव्हता. तिने सही केली ती विचार करूनच केली. तिला कुणी फसवले असे म्हणून तिच्या अकलेचा अपमान करायला मी तयार नाही. पण पुढ्यात एकच वाट ठेवून ‘चाल, तुझी मर्जी’ म्हणण्याला निवड म्हणायलाही मी तयार नाही.

बोभाटा झाल्यावर सरकारने काय केले? खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. त्याने काही शस्त्रक्रिया नक्की टळल्या असतील आणि नफेखोरीला वेसण घालणे गरजेचेच होते. तरी गंमत पाहा: बाईच्या निर्णयाचे रक्षण म्हणून तिच्या शरीरावर आणखी एक सही आली. नवऱ्याची, तिची आणि आता साहेबांची. फडावर पाणी आणि संडास, पाळीच्या दिवसांत दंडाशिवाय सुट्टी, तोडीच्या हंगामात टोळीपर्यंत येणारी डॉक्टरीण, मजुरीचा तिचा हिस्सा तिच्या खात्यात, यातले काहीही त्या परवानगीने आले नाही. सही वाढवायला कागद लागतो. या गोष्टींना पैसा लागतो.

शाळेतही हेच. शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते. नेमके त्याच वयात ऊसतोडीला निघालेली आई विचारते, “बाई, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?” लहान भावंडांसाठी हंगामी वसतिगृह आहे, आजी आहे. नववीतल्या मुलीसाठी दारात दोनच गोष्टी असतात, फड किंवा लग्न. लग्न झाले की एक कोयताही तयार होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे 44 टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. राज्याचा आकडा सुमारे 22. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, तो मांडव थांबवतो, वऱ्हाड परत जाते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला कुठे ठेवायचे याचे उत्तर मात्र त्याच्या आदेशात नसते. आम्ही काही शिक्षिकांनी मुलींना घरी ठेवून घेतले. ते आमचे औदार्य म्हणून इथे मांडत नाही. शिक्षिकेच्या माजघरावर एका जिल्ह्याच्या मुलींचे शिक्षण अवलंबून असणे ही लाजेची गोष्ट आहे.

इथे कुणी म्हणेल की खरी हिंमत असेल तर माणूस वाट काढतोच, आणि रखमाबाईंचे उदाहरण देईल. देऊ द्या. मुंबई उच्च न्यायालयाने 1887 मध्ये त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला शिकल्या, डॉक्टर होऊन परतल्या. हिंमत त्यांची होतीच. पण सुधारकांची साथ होती, वकिलांची फी भरणारे होते, वर्तमानपत्रात त्यांची पत्रे छापली जात होती. वडवणीच्या मुलीकडून आपण हिंमत तेवढीच मागतो आणि बाकीचे काही देत नाही.

घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल उद्या दुपारच्या सत्रात बोलणे होणार आहे, म्हणून इथे एकच सांगते. टोळ्या गेल्यावर गावात उरतात आजी-आजोबा आणि नातवंडे. सांभाळ करायला आवडेल का, असे आजीला कुणी विचारलेले मी ऐकलेले नाही. ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो. सहा महिने स्वतःच चार नातवंडांची पालक झालेल्या बाईला तो काय देणार?

दुसरीकडे, ‘गरिबीत कसली आली मर्जी’ असे म्हणून या बायकांचे निर्णय आपणच घेऊन टाकणे, हा आपल्या कार्यकर्त्यांचाही जुना आजार आहे. त्या बोलतात, नीट बोलतात, हिशेब तोंडपाठ असतो त्यांना. उद्या सकाळच्या पहिल्या सत्राला तीन गावांतल्या ऊसतोड महिला येणार आहेत. त्यांना प्रश्न विचारण्याआधी त्यांचे बोलणे पूर्ण होऊ द्या, आणि कृपा करून त्यांच्या बोलण्याचा सारांश माइकवरून त्यांनाच पुन्हा सांगू नका.

परवा समारोपाला ठराव मंजूर होतील. निवडीचा हक्क मान्य करणारे ठराव या राज्याने भरपूर पाहिले आहेत, त्यांना विरोध कुणी करत नाही कारण त्यांना खर्च येत नाही. स्वागताध्यक्ष म्हणून माझी एकच मागणी आहे: तुमच्या प्रत्येक ठरावात किमान एक कलम असे घाला की ज्यासाठी सरकारला, साखर कारखान्याला किंवा आपल्यालाच खिशात हात घालावा लागेल. दसऱ्याला फार दिवस उरलेले नाहीत. टोळ्या निघण्याआधी ते ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर गेले पाहिजेत.