एमटेक की नोकरी : थांबायचा खर्च कोण भरणार?

(रायपूर येथे एका बुद्ध विहारातील अभ्यासवर्गात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातले हिंदी शब्द तसेच ठेवले आहेत.)



समोर बसलेले बरेच जण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला आहेत. काहींचे आईबाबाही आलेत, हे फार चांगलं झालं. कारण मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे, तो कॉलेजात एकट्या विद्यार्थ्याला विचारला जातो आणि त्याचं उत्तर मात्र अख्खं घर देतं. प्रश्न असा की, इंजिनीअरिंग झाल्यावर पुढे शिकायचं की नोकरी शोधायची?

आधी माझ्याबद्दल थोडं. बाबा इथल्या रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. आमचं मूळ गाव भंडारा जिल्ह्यात. मी याच शहरात धातुशास्त्रात बीई केलं, सिलतराच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात अडीच वर्षं काम केलं, मग गेट देऊन एमटेक आणि पुढे पीएचडी केली. आज एका सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. म्हणजे दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत.

हा प्रश्न कुणालाही विचारला, की उत्तर येतं, ‘तुझी आवड काय आहे ते बघ. रिसर्चमध्ये इंटरेस्ट असेल तर एमटेक कर, नाहीतर जॉब घे.’ ऐकायला हे बरोबर वाटतं. पण आवड बघत बसायला वेळ लागतो आणि त्या वेळाचं भाडं कुणीतरी भरावं लागतं. ज्याच्या घरी दोन पगार येतात, ज्याचा मामा बंगळुरूला मॅनेजर आहे, त्याचं एक वर्ष वाया गेलं तर त्याला ‘गॅप इयर’ म्हणतात. आपल्या पोराचं एक वर्ष गेलं, तर वस्तीत पहिला प्रश्न येतो, ‘क्या हुआ, नौकरी नहीं लगी?’ दोघांच्या हातात डिग्री एकच असते. फरक इतकाच, की एकाला थांबता येतं आणि दुसऱ्याला येत नाही. माझ्या मते या प्रश्नाचं मूळ आवडीच्या आधी इथे आहे : थांबायचा खर्च कोण भरणार?

कुणी म्हणेल, मग सरळ नोकरीच घ्यावी, तिथे जात कोण विचारतं? 2007 साली प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदलली फक्त नावं. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं, की मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारलं जातं आणि ओळखीपाळखीचं बळ आपल्या मुलांकडे कमी असतं. मलाही पहिल्या मुलाखतीत स्टीलबद्दल दोन प्रश्न आले आणि घराबद्दल पाच. ‘पिताजी क्या करते हैं? पूरा नाम क्या है?’ हे मेटलर्जीचे प्रश्न नव्हेत.

मग पुढे शिकण्याच्या वाटेवर जात नाही का? संसदेत दिलेल्या माहितीनुसार, 2015 ते 2019 या काळात सगळ्या आयआयटींमध्ये पीएचडीला प्रवेश मिळालेल्यांत अनुसूचित जातीचे 9.1 टक्के आणि अनुसूचित जमातीचे 2.1 टक्के विद्यार्थी होते. कायद्याने हवेत 15 आणि साडेसात टक्के. एमटेकला गेल्यावर मला पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलमध्ये गेटची रँक विचारली गेली. रँक विचारणं म्हणजे जात विचारणं, हे तुमच्यातल्या अनेकांना आतापर्यंत कळलंच असेल. जातीपासून सुटका देणारी वाट कुठलीच नाही. म्हणून निवड करताना भीतीने करू नका, हिशेबाने करा.

हा हिशेब कसा करायचा ते बाबासाहेबांच्या आयुष्यात बघा. आपण त्यांच्या डिग्र्या मोजतो, त्या कोणत्या क्रमाने आणि कुणाच्या पैशाने आल्या ते फारसं बघत नाही. 1913 मध्ये त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. आजच्या भाषेत हा बाँडच झाला. कोलंबियाहून ते 1916 मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. परतण्याआधी त्यांनी एक काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. बडोद्यात पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात 450 रुपये पगारावर प्राध्यापक झाले. मार्च 1920 मध्ये ती नोकरी सोडली आणि साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेले उसने पैसे यांच्या जोरावर पुन्हा लंडन गाठलं. डीएस्सी मिळाली 1923 मध्ये.

यातून मी तीन गोष्टी घेते. नोकरी धरणं म्हणजे शिक्षणाला पाठ दाखवणं नव्हे, नोकरीतूनही शिक्षणाचे पैसे उभे राहतात. दुसरं, परतीचं दार कागदावर उघडं ठेवून मगच निघायचं. आणि तिसरं, या सगळ्या काळात मुंबईच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत घर रमाई चालवत होत्या. कुणीतरी शिकतं तेव्हा घरात कुणीतरी थांबलेलं असतं. माझ्या बीईच्या काळात माझी ताई बारावीनंतर थांबली. तुमच्या घरी कोण थांबलंय ते आज घरी जाऊन स्पष्ट विचारा. बहुतेक वेळा ती बहीण असते.

आता आपल्या गावच्या गोष्टी बोलू.

गेटकडे फक्त एमटेकची परीक्षा म्हणून बघू नका. ती दोन्ही दारांची चावी आहे. स्कोर तीन वर्षं चालतो. फीमध्ये एससी, एसटी आणि मुलींना अर्धी सवलत आहे. तिसऱ्या वर्षालाही ही परीक्षा देता येते. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सार्वजनिक कंपन्या गेटवरून इंजिनीअर घेतात, आपल्या बस्तरमध्ये खाणी असलेल्या एनएमडीसीनेही घेतले आहेत. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. एमटेकला तीनपैकी कुठल्याही वर्षाचा स्कोर चालतो, पण कंपन्या बहुधा त्याच वर्षाचा मागतात. म्हणून परीक्षा चौथ्या वर्षी तर द्याच. केंद्रीय भरतीत एससी-एसटीला वयात 5 वर्षांची सवलत आहे. म्हणजे दोन वर्षं नोकरी केली म्हणून हे दार बंद होत नाही.

पैशाचं गणित असं. गेटवरून एमटेकला प्रवेश घेतला, तर दरमहा 12,400 रुपये मिळतात. त्यात एकट्याचं भागतं, घरी पाठवायला काही उरत नाही. पीएचडीची फेलोशिप दरमहा 37,000 आणि नंतर 42,000 रुपये आहे. चांगले गुण आणि स्कोर असेल, तर आयआयटीसारख्या संस्थांत बीटेकनंतर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. पण कागदावरची फेलोशिप आणि खात्यात पडलेली फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे महिनोन्‌महिने अडकतात. रोहित वेमुलाची फेलोशिप किती महिने अडकली होती, हे आपण विसरलेलो नाही. परदेशासाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, 125 जागा. 2025 मध्ये निवड झालेल्या 106 जणांपैकी आधी फक्त 40 जणांना पत्रं दिली गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगण्यात आलं. म्हणून किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय फेलोशिपच्या भरवशावर घर सोडू नका.

कागदांचा प्रश्न आपल्या मराठी घरांना खास छळतो. राज्याच्या सवलतींसाठी छत्तीसगडमध्ये तुमचं घराणं 10 ऑगस्ट 1950 ला इथलं होतं का, ते बघतात. मिसल मागतात. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी जमिनीचा कागद आणायचा! 1950 साली भंडारा आणि रायपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. 1956 मध्ये सीमा हलली आणि रेल्वेत, गिरणीत, भिलाईत कामाला आलेली आपली माणसं कागदावर परकी झाली. नागपूरचे नातेवाईक फोनवर सांगतात, ‘बार्टीचा फॉर्म भर.’ पण बार्टीची फेलोशिप महाराष्ट्राच्या रहिवाशांना आहे. म्हणजे इकडे मूळ तिकडचं म्हणून नाही आणि तिकडे राहणं इकडचं म्हणून नाही. मूळ राज्यावर आधारलेला दाखला केंद्रीय संस्था आणि केंद्रीय भरतीत मात्र चालतो. ज्यांच्याकडे 1950 चा पुरावा नाही, त्यांनी राज्याच्या भरतीवर सगळी मदार ठेवू नये आणि केंद्रीय नमुन्यातला दाखला तिसऱ्या वर्षातच काढावा. शेवटच्या आठवड्यात तहसीलच्या फेऱ्या मारून प्रवेश हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. 2024 मध्ये मुझफ्फरनगरच्या अतुल कुमारची धनबाद आयआयटीची जागा 17,500 रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून गेली होती. सर्वोच्च न्यायालयात जाऊन ती परत मिळाली. प्रत्येकाला न्यायालय गाठता येत नाही.

आणखी एक गोष्ट आईबाबांसाठी. ‘भिलाईत लागला की जिंदगी बन गई’ हे तुमच्या पिढीत खरं होतं. कोरब्याचा बाल्को 2001 मध्ये 51 टक्के हिस्सा 551.5 कोटींना देऊन खासगी झाला. सरकारी मालकी गेली की राखीव जागेचं बंधनही जातं. भिलाईतही कायम कामगार घटले, ठेका वाढला. पोरगा सरकारी नोकरीसाठी धडपडतो आणि लागत नाही, यात दर वेळी त्याचाच आळस नसतो. जागाच आटल्या आहेत. त्याला नालायक म्हणू नका.

मग करायचं काय? घरात कर्ज असेल, आजारपण असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर मिळेल ती बरी नोकरी घ्या आणि लाजू नका. पण घेताना परतीची तारीख ठरवा. ‘बघू पुढे’ म्हणालात की पाच वर्षं कधी जातात ते कळत नाही. मूळ मार्कशीट कंपनीकडे जमा करू नका. बाँड असेल तर सही करण्याआधी नीट वाचा. निघायच्या आधी दोन प्राध्यापकांशी संबंध राखा. शिफारसपत्र लिहिणारा माणूस तीन वर्षांनी शोधून सापडत नाही. सिलतरात रात्रपाळी करून मी गेटचा अभ्यास केला. सोपं नव्हतं, पण भट्टीपाशी उभं राहिल्यामुळे पुढे एमटेकच्या वर्गात रिडक्शन किल्नवर मला जे माहीत होतं, ते पुस्तकातून आलेल्यांना नव्हतं. त्या अडीच वर्षांना मी वाया गेलेली वर्षं मानत नाही.

घर दोन वर्षं कळ काढू शकत असेल, तर चांगल्या संस्थेत पुढे जा. आपल्या रिकाम्या राहिलेल्या जागा दुसरं कुणी आपल्यासाठी भरणार नाही. पण नोकरी लागली नाही म्हणून घरच्यांपासून तोंड लपवायला कुठल्याही खासगी कॉलेजात फी भरून एमटेक करू नका. दोन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा समोर येतो आणि तेव्हा डोक्यावर कर्जही असतं. प्रवेश घेण्याआधी त्या विभागातल्या आपल्या सीनियरांना फोन करा. कोणता गाइड विद्यार्थ्याला माणूस म्हणून वागवतो, ते वेबसाइटवर लिहिलेलं नसतं.

शेवटी इथे बसलेल्या नोकरदारांशी बोलते. बाबासाहेबांच्या पाठीशी पैशाच्या बाजूने बडोदा होतं, शाहू महाराज होते, भथेना होते. या पोरांच्या पाठीशी कोण आहे? ‘पे बॅक टू सोसायटी’ आपण प्रत्येक जयंतीला म्हणतो. साधा हिशेब करा. एका विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च 8,000 रुपये धरला, तर सोळा जणांनी महिन्याला 500 रुपये काढले की एका पोराला किंवा पोरीला गेटचं एक वर्ष थांबता येतं. या सभागृहात सोळाहून जास्त पगारदार आहेत, मी आल्या आल्या मोजले. पहिले 500 माझे. जाताना दाराशी वही ठेवली आहे, त्यात नाव लिहा आणि समोर पहिलं नाव आपल्या मुलींपैकी एकीचं असू द्या.

जय भीम. जय संविधान.