इशारा वाचणारी माणसे

(सुरक्षा धोरण आणि आपत्ती व्यवस्थापन या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासासंबंधी, पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



मघाशी बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी मला विचारले, “सुरक्षा धोरण शिकून मुलगा करणार काय? सैन्यात जायचे तर एनडीए आहे, पोलिसांत जायचे तर स्पर्धा परीक्षा आहेत. मग हे एम. ए. कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. उत्तराकडे मी येणारच आहे. पण त्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

२६ जुलै २००५. दक्षिण मुंबईतील एका दैनिकाच्या वृत्तकक्षात मी काम करीत होतो. बाहेर पाऊस होता, पण जुलैत असतो तसाच. दुपारी उपनगरातील आमच्या वार्ताहराचा दूरध्वनी आला. छातीइतके पाणी चढले आहे, बसगाड्या बुडत आहेत, असे तो अक्षरशः ओरडून सांगत होता. मी खिडकीबाहेर पाहिले आणि त्याला म्हणालो, “दरवर्षीचेच आहे रे, चार ओळी दे.” त्या चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात! मंत्रालय, महापालिकेचे मुख्यालय, पोलीस आयुक्तालय हे सारे ७३ मिलिमीटरच्या मुंबईत, आणि बुडत होती ती ९४४ मिलिमीटरची मुंबई.

मी कलाशाखेचा पदवीधर. इतिहास वाचला होता, लढायांच्या सनावळ्या पाठ होत्या. पण समोरच्याची माहिती आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याशी जुळत नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे मला कोणी शिकविले नव्हते. आज आपण ज्या विषयाचा विचार करतो आहोत, त्याचा गाभा मला विचाराल तर एवढाच आहे. संकटाची खबर कोठे उगवते, ती कोणाकोणाच्या हातांतून जाते, वाटेत कोठे अडते आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत कोणत्या रूपात पोचते, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास.

त्या महापुरानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पण मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी केवळ २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशोबाने बांधलेली आहे, हे काय २००५ साली कळले? ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल १९९३ सालीच सादर झाला होता आणि ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, असे त्यात म्हटले होते. बारा वर्षे तो अहवाल बव्हंशी कपाटातच राहिला. ज्ञान होते, ते वाचून त्याचा पाठपुरावा करणारी माणसे नव्हती.

त्याच १९९३ साली किल्लारी घडले. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून गावे झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे धरणी हादरली. तत्कालीन अधिकृत नकाशात तो प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात होता. (तो विभागच पुढे २००२ साली रद्द करण्यात आला.) आदल्या वर्षी किल्लारी परिसरात धक्के बसले होते, हे खरे, त्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करणे मात्र कोणत्याही शास्त्राला शक्य नव्हते. मग हजारो माणसे का दगावली? जगात अन्यत्र याहून मोठे भूकंप होतात आणि माणसे वाचतात. किल्लारीत माणसे मारली ती दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंतींनी आणि माळवदाच्या मातीच्या भाराने. धोका वेगळा आणि त्या धोक्यापुढील आपली दुर्बलता वेगळी. हा भेद ज्याला उमगला, त्याने या अभ्यासक्रमाचे पहिले सत्र पार केले असे समजावे.

आता बाह्य सुरक्षेकडे वळतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर रायफलीची नळी आपल्या देहावर झेलून कसाबला जिवंत पकडून दिला. त्या शौर्यापुढे आपण नतमस्तक होतो आणि झालेच पाहिजे. परंतु एका सहायक उपनिरीक्षकाला छाती पुढे करावी लागते, त्याआधी किती दारे उघडी राहिलेली असतात? राम प्रधान आणि वप्पाला बालचंद्रन यांच्या समितीने या दारांचीच तपासणी केली. गुप्तवार्ता येत होत्या. त्यांची छाननी करून त्या योग्य हाती देण्याची व्यवस्था दुबळी होती. एनएसजीचे कमांडो दिल्लीहून यावे लागले आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. मुंबईत त्यांचे केंद्र झाले ते २००९ साली, हल्ल्यानंतर.

सगळेच असे निराशाजनक नाही. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या राज्याने धडा घेतला, स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. समुद्र तोच, किनारा तोच.

आणि हे शास्त्र पाश्चात्त्यांकडूनच शिकावे लागते, असाही समज नको. कौटिल्याने चौथ्या अधिकरणात अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशू, सर्प आणि राक्षस अशी आठ महाभये मोजली आहेत. पुराच्या काठच्या गावांनी पावसाळ्यात उंचावर राहावे, फळ्या, बांबू, नावा जवळ ठेवाव्यात. साधन असूनही बुडत्याच्या मदतीला न जाणाऱ्यास दंड करावा, इतका बारीक विचार तेथे आहे. मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली रा. प. कंगले यांची संशोधित आवृत्ती कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळेल. त्याच मेजावर ग्रॅहम ॲलिसन यांचा १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगावरील ग्रंथही असावा. पूर्वजांचा नुसता गौरव करून पूर ओसरत नाही, हेही आपल्याच मंडळींना सांगायला हवे.

शिक्षणाच्या सोयी आहेत. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत संरक्षण व सामरिकशास्त्र हा विषय बी. ए. ला असतो, बहुतेकदा सोपा म्हणून घेतला जातो, हे दुर्दैव. पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे शिक्षण मिळते. गांधीनगरजवळचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ २०२० च्या संसदीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले. प्रवेश घेताना एवढेच पाहावे की, तेथे केवळ टिपणे उतरवून घेतात की रंगीत तालीम करवून घेतात. अपुऱ्या माहितीवर, घड्याळ लावून, निर्णय घ्यायला लावतात का.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. नोकरीची हमी मी देणार नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर जिल्हा प्राधिकरणे आली, अधिकारी नेमले गेले; त्यांपैकी अनेक पदे आजही कंत्राटी आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. बंदरे, तेलशुद्धीकरण कारखाने, विमा कंपन्या, संशोधन संस्था, वृत्तपत्रे येथे अशी माणसे लागतात, पण जाहिरात वेगळ्याच नावाने येते. पगार संगणक अभियंत्याइतका नसेल. घरात आधी हे बोलून घ्या.

एक साधी परीक्षा सुचवितो. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल समितीचा अहवाल पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. त्या समितीत बी. जी. वर्गीस हे पत्रकारही होते, हे मी जरा अभिमानानेच सांगतो. मुलाला किंवा मुलीला त्याची पन्नास पाने वाचायला द्या. कंटाळा आला तर हा मार्ग सोडून द्यावा, त्यात कमीपणा नाही. आणि पन्नासाव्या पानावर “मग ही खबर वर का गेली नाही?” असे त्याने किंवा तिने विचारले, तर प्रवेश अर्ज आणायला हरकत नाही.