चिठ्ठीतलं इंजिन

कवितेच्या माणसानं इंजिनावर काय बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल. पण माझं लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या आवाजात गेलं. अब्बा मिस्त्री होते. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कवितेच्या वाटेला लागलो. थोरल्या भावानं गॅरेज चालवलं, आता त्याचा मुलगा चालवतो. या पुतण्यामुळंच एका खेळाची ओळख झाली. गो-कार्टिंग.

कार्ट म्हणजे छोटीशी, बुटकी मोटार. तिला टप नाही, दार नाही, स्प्रिंगा नाहीत. पाइपांचा सांगाडा, चार लहान चाकं आणि मागं एक इंजिन. बसणाऱ्याची पाठ रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर. 1956 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगल्स नावाच्या, रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानं अशी पहिली कार्ट तयार केली. तिला इंजिन लावलं ते गवत कापायच्या यंत्राचं. आमच्या कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे, तिथं राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. म्हणजे हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही.

खेळ स्वस्तात सुरू झाला, पण स्पर्धा आली की बापमंडळी इंजिनं उघडू लागतात. मिस्त्रीच्या हाताला यात फार करावं लागत नाही. हेडचा तळ किंचित घासला की कॉम्प्रेशन वाढतं. पोर्ट कानशीनं थोडं रुंद केलं, कार्बोरेटरचं जेट जरा मोठं केलं, की गाडी सरळ रस्त्यावर पुढं निघते. बाहेरून काही दिसत नाही. शर्यत मुलांची, पण जिंकतो तो बापाचा खिसा. ज्याच्या घरी पैसा नाही, त्याच्या पोराचा हात कितीही चांगला असो, तो मागंच राहतो.

यावर जगभरच्या ट्रॅकवाल्यांनी जे उपाय काढले, ते मला मोठे मनोरंजक वाटतात. पहिला उपाय सीलचा. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीनं 1997 मध्ये 125 सी.सी.चं कार्टचं इंजिन आणलं, ते सील लावूनच. उघडायचं तर कंपनीनं नेमलेल्या केंद्रातच, आणि सीलचा नंबर वहीत लिहिलेला. अमेरिकेतल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं 206 नावाचं इंजिनही कारखान्यातून सील होऊनच येतं. त्याच्या नावातच ‘लोकल ऑप्शन’ आहे, म्हणजे गावोगावच्या छोट्या क्लबांसाठीचा पर्याय. लहान मुलांसाठी त्याच इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये वेगळी पट्टी बसवतात. ती कमी उघडते, म्हणून ताकद आटोक्यात राहते. मूल मोठं झालं की पट्टी बदलायची, इंजिन तेच.

दुसरा उपाय तपासणीचा. शर्यत संपल्यावर पहिल्या आलेल्यांच्या गाड्या बाजूला घेतात. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत सोडतात आणि इंजिन हातानं एक फेरा फिरवतात. पिस्टन वर येताना तार चेपते. मग तिची जाडी व्हर्नियरनं मोजायची. हेड घासलं असेल तर तार जास्त चेपलेली निघते. एवढीशी तार, पण खोटं बोलत नाही.

तिसरा उपाय वजनाचा. कुस्तीत पैलवानाला काट्यावर उभं करतात, तसं इथं चालकाला गाडीसकट तोलतात. किडकिडीत मुलगा जास्त वेगानं पळणार हे उघड आहे. म्हणून कमीत कमी वजन ठरलेलं असतं आणि जो कमी भरेल त्याच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बांधतात.

मला सगळ्यांत आवडला तो काही अमेरिकन ट्रॅकवरचा नियम. तिथं जिंकणाऱ्याचं इंजिन त्याचा प्रतिस्पर्धी ठरलेल्या किमतीला विकत मागू शकतो आणि त्याला ते द्यावंच लागतं. आता सांगा, कोण इंजिनावर लाख रुपये खर्च करील? लबाडी पकडत बसायची गरज नाही, लबाडी परवडेनाशीच करून टाकली.

पण श्रोते हो, सील लावलं म्हणून दोन इंजिनं जुळी होत नाहीत. एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी निघालेली दोन इंजिनंही थोडी वेगळी असतात. पैसेवाला चार सीलबंद इंजिनं घेतो, चारही पळवून बघतो आणि चांगलं ते ठेवतो. नियम मोडला नाही, तरी बरोबरी मोडली. मग शेवटचा उपाय उरतो, तो चिठ्ठीचा. गाड्या आयोजकांच्या, आणि कोणती कुणाला, हे नशीब ठरवणार. मोठ्या रोटॅक्स स्पर्धांच्या अंतिम फेरीतही इंजिनं अशीच वाटून देतात.

आता घरची गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका लहान ट्रॅकवर भाड्याच्या दहा कार्ट आहेत. त्यांची देखभाल माझा पुतण्या करतो. महिन्यातून एकदा मुलांची स्पर्धा होते आणि तीत त्याचा तेरा वर्षांचा मुलगाही उतरतो. अडचण तुमच्या लक्षात आली असेल. ज्याच्या हातात दहाही इंजिनांचे पाने, त्याचाच मुलगा शर्यतीत. पहिल्याच स्पर्धेत पोरगा दुसरा आला आणि एक पालक सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, ‘‘मिस्त्रीचंच पोरगं. त्याला बरी गाडी मिळणारच.’’

पुतण्या त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, ‘‘चाचा, काम सोडू की पोराला बसवू घरी?’’

मी म्हटलं, ‘‘दोन्ही नको. आपले अब्बा काय करायचे ते आठव.’’ त्यानं आजोबांना पाहिलेलं नाही, पण गोष्ट त्याला ठाऊक होती. अब्बा इंजिनातून काढलेला प्रत्येक जुना भाग कापडात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. बघा म्हणायचे.

पुढच्या स्पर्धेआधी पुतण्यानं सगळ्या पालकांना बोलावलं. टायरची हवा त्यांच्यासमोर मोजली. पेट्रोल एकाच कॅनमधून भरलं. एका मोठ्या मुलाला दहाही कार्टवर बसवून प्रत्येकीवर पाच-पाच फेऱ्या मारायला लावल्या आणि वेळा फळ्यावर लिहिल्या. तीन नंबरची कार्ट मागं पडत होती. तिचा क्लच झिजलेला निघाला. तो बदलून तिची पुन्हा वेळ घेतली, तेव्हा ती बाकीच्यांच्या जवळ आली. मग इंजिनाच्या बोल्टांवरून पिवळ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे बोल्ट फिरवला तर रेघ तुटलेली दिसेल. मुलांच्या तीन फेऱ्या ठरल्या, प्रत्येक फेरीला नवी चिठ्ठी, गुणांची बेरीज. आणि शेवटची अट पुतण्यानं स्वतः घातली, की त्याचा मुलगा चिठ्ठी सर्वांत शेवटी उचलेल. म्हणजे उरेल ती.

मी त्या दिवशी ट्रॅकवर होतो. पहिल्या फेरीत आमचा पोरगा चौथा आला. दुसऱ्या फेरीत त्याला सात नंबरची कार्ट उरली आणि तो आठवा आला. हातमोजे आपटले त्यानं. ‘‘सातचं इंजिनच मेलंय,’’ म्हणाला. बापानं तोंडातून शब्द काढला नाही. कसा काढणार? ती कार्ट त्याच्याच हातची.

तिसऱ्या फेरीत सात नंबर एका मुलीच्या चिठ्ठीत आली. ती तीच कार्ट घेऊन दुसरी आली. पोरगा जाळीला धरून बघत होता. एरवी फार बोलतो, त्या दिवशी घरी येईपर्यंत गप्प होता.

रात्री माझ्याजवळ येऊन बसला. ‘‘दादा, म्हणजे मीच हळू होतो?’’

उत्तर त्याच्या बापानं दिलं. ‘‘तू वळणात उशिरा ब्रेक मारतोस. मागची चाकं घसरतात. बघायला झोकात दिसतं, पण लहान इंजिनाला घालवलेला वेग परत मिळवायला वेळ लागतो. ती पोरगी गाडी घसरू देत नव्हती.’’

मी विचार करत राहिलो. इंजिनं सारखी हवीत असं आपण म्हणतो, ते गरिबावर अन्याय होऊ नये म्हणून. ते खरंच आहे. पण बरोबरी आली की आणखी एक गोष्ट होते, हरणाऱ्याची सबब जाते. हे सोपं नाही. खराब इंजिनाला दोष देणं किती सुखाचं असतं! आपल्यातल्या पुष्कळांनी आयुष्यभर तेच केलं आहे, मीही केलं आहे. पण सबब गेल्याशिवाय शिकायला सुरुवात होत नाही. आणि ज्या दिवशी तो जिंकेल, त्या दिवशी ती जीत त्याचीच असेल, बापाच्या पान्याची नसेल.

पुढच्या महिन्यात तो तिसरा आला. वळणात गाडी घसरली नाही. या वेळी कुणी काही बोललं नाही. मागं जे पालक बोलले होते, ते चिठ्ठ्यांचा डबा हातात धरून उभे होते. पुतण्यानंच त्यांना ते काम दिलं होतं. शेवटी आमच्या पोरानं डब्यात हात घातला, तेव्हा त्यांनी डबा थोडा खाली धरला, त्याचा हात पोचावा म्हणून.